कुंडीसकट पुरलेली बाग

इमारत बांधणाऱ्या शेठने माझ्याकडून बाग करून घेतली, फ्लॅट विकले जाईपर्यंत ती गिऱ्हाइकांना दाखवली आणि मग उचलून नेली. त्याने मला फसवलं आणि माझ्या बागेच्या जोरावर फ्लॅट घेणाऱ्यांनाही फसवलं. मला झाडं शिकवणाऱ्या सरांना हे लावणीच्या दिवसापासून माहीत होतं. डोंबिवलीत मात्र आजही काही लोक सांगतात, की झाडं मी नेली.

गोष्ट एवढीच आहे. पण एवढ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून सगळं सांगावं लागतं. सांगून सांगून कंटाळा आलाय.

माझी नर्सरी मानपाडा रोडच्या आतल्या बाजूला होती. नर्सरी म्हणजे एका आगरी म्हाताऱ्याच्या भातशेतीतली एक पट्टी. आजूबाजूला इमारती उठल्यावर त्यानं भात लावायचं सोडलं होतं. मी तिथे बांबू रोवले, वर हिरवी जाळी टाकली. त्याआधी चाळीच्या ओट्यावर डालड्याच्या डब्यांत मनीप्लांट लावून ते बाजारात भाजीवाल्यांच्या रांगेत बसून विकायचे. ती जागासुद्धा मला भांडून मिळवावी लागली होती. आमच्या ह्यांची कंपनी तेव्हा बंद पडली होती आणि ते घरात रेडिओ ऐकत बसायचे. मला कोणी हाताला धरून धंद्यात आणलं नाही. त्यामुळे भाव करायची आणि आवाज चढवायची सवय लागली ती लागलीच.

नर्सरी चालायची ती विक्रीवर नाही, भाड्यावर. मंगल कार्यालयांना शोभेच्या कुंड्या भाड्याने द्यायच्या. लग्नाच्या आदल्या दिवशी टेम्पोने न्यायच्या, स्टेजच्या मागे उंच पाम, पुढे रंगीत क्रोटन, पायऱ्यांवर फर्न अशा मांडायच्या आणि पंगती उठल्या की परत आणायच्या. आणल्यावर पानं पुसायची, कोणी कुंडीत थुंकलं असेल ती माती काढायची आणि झाडाला काही दिवस जाळीखाली सोडून द्यायचं. हॉलच्या अंधारात क्रोटनचा रंग उतरतो, तो उन्हात परत चढायला वेळ लागतो. कार्यालयवाले कुंड्या बदलायचे, माझी चांगली ठेवून फुटकी द्यायचे. म्हणून मी प्रत्येक कुंडीच्या काठाला पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा मारला होता. डोंबिवलीतल्या निम्म्या लग्नांच्या फोटोंत नवरानवरीच्या मागे माझा पाम आहे आणि खाली तो पांढरा पट्टा आहे.

भाड्याच्या झाडाला वय येत नाही. जरा उंच झालं की ते छाटायचं, कारण ते टेम्पोत बसलं पाहिजे. मुळं कुंडीत गोल गोल फिरत राहतात. मला तसल्या झाडांचा कंटाळा आला होता. एकदा तरी जमिनीत काहीतरी लावावं, ते तिथेच राहावं, मोठं व्हावं आणि कोणीही ते उचलून परत आणू नये, असं वाटायचं. याच्यापेक्षा जास्त मला काही नको होतं.

सर मला ठाण्यात भेटले. ते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झाले होते आणि रविवारी सकाळी नौपाड्यातल्या एका शाळेच्या वर्गात शोभेच्या झाडांचा क्लास घ्यायचे. शाळेला कार्यक्रम असला की क्लास व्हरांड्यात, व्हरांडाही नसला की रद्द. समोर बसायच्या बँकेतल्या बायका, दोन-तीन रिटायर्ड साहेब आणि मी. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "सर, लग्नाच्या तिथीला मी येणार नाही. तो धडा मला नंतर परत शिकवायचा."

"अहो बाई, तुम्ही माझ्याशी घासाघीस करताय?"

"सवय आहे, सर."

"बरं. पण मग रविवारी उशीर चालणार नाही."

"उशीर रेल्वे करते. तिचं तुम्ही बघा."

ते हसले. पुढची तीन-चार वर्षं त्यांनी मला खरोखर शिकवलं. बुडलेला प्रत्येक धडा क्लास संपल्यावर पुन्हा घेतला. झाडासमोर बसवायचे आणि म्हणायचे, नाव नंतर, आधी पान बघा. रुंद पानाशेजारी रुंद पान ठेवलं तर दोन्ही दिसत नाहीत, रुंदाशेजारी बारीक ठेवा. रंगाच्या बाबतीत ते कडक होते. मी एकदा लाल, पिवळा आणि जांभळा असे तीन क्रोटन ओळीने मांडून दाखवले, तर म्हणाले, "हे लग्नाचं स्टेज झालं. तिघं एकदम बोलताहेत. मध्ये एक गप्प बसणारं हिरवं ठेवा." वर्गातल्या बायका हसल्या. मला राग आला, पण घरी येऊन तसं मांडून पाहिलं आणि ते बरोबर होतं. एका वाफ्यात एकसारखं पाणी लागणारीच झाडं लावायची हेही त्यांचंच. रंग कितीही जुळला तरी तहान जुळली नाही, तर एक सुकतं आणि दुसरं कुजतं.

आणि ते एक वाक्य नेहमी म्हणायचे. झाड आज कसं दिसतं ते बघून लावू नका, पाच वर्षांनी कसं दिसेल ते बघून लावा. तोवर मधली जागा रिकामी दिसली तर दिसू द्या.

सरांचं ज्ञान खरं होतं. खोटं असतं तर मी केव्हाच विसरून गेले असते.

शेठ हा पूर्वी सेंटरिंगची कामं घेणारा माणूस. नव्वदच्या आसपास त्याने स्वतः इमारती बांधायला सुरुवात केली. त्याच्या पुतणीच्या लग्नात त्याने माझ्या कुंड्या पाहिल्या आणि नर्सरीत आला. डोंबिवली आणि कल्याणच्या मध्ये त्याची मोठी साइट चालू होती.

"ताई, गेटमधून गिऱ्हाईक आत आलं की थांबलं पाहिजे. बिल्डिंग नंतर बघू देत, आधी बाग."

"कुंड्या भाड्याने पाहिजेत की जमिनीत लावायची?"

"जमिनीतच की. कायमची. लोक घर घेतायत, हॉल नाही."

हे त्याचे शब्द आहेत. मी ते ऐकले आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मजुरीचा भाव ताणला नाही. ताणला तो मातीचा. साइटवर सगळं राबिट भरलेलं होतं, विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट. त्यावर वीतभर माती पसरून लॉन दाखवायचं असा शेठचा बेत होता. मी म्हटलं, तीन फूट राबिट काढा आणि लाल माती भरा.

"झाडं लावायचीत का विहीर खणायचीय?"

"मग कागदाची झाडं लावा. तुम्हाला थांबणारंच गिऱ्हाईक पाहिजे ना, थांबेल ते."

"एक फूट."

"एक फुटात कोथिंबीर येते, शेठ."

तीनपासून सुरू केलं ते मला दोन हवी होती म्हणूनच. शेवटी मी सरांना साइटवर घेऊन आले, कारण डिग्रीवाल्या माणसाचं शेठ ऐकेल असं मला वाटलं. त्याने ऐकलंही. सरांनी चष्मा पुसत सांगितलं की दोन फूट हवीच, आणि दोन फुटांवर सौदा झाला. आंबिवलीकडून लाल मातीच्या गाड्या आल्या. त्या गाड्या रिकाम्या होताना मी गेटपाशी उभी होते. माझ्या आयुष्यात मी केलेला तो सगळ्यात चांगला सौदा होता.

बाग मी आखली. कंपाउंडच्या भिंतीलगत अरेका पाम, एकमेकांपासून लांब, कारण त्यांची बेटं होणार होती. त्यांच्यापुढे पिवळ्या ठिपक्यांचे क्रोटन, सगळे एकाच जातीचे, मग हिरवी अरेलिया आणि तिच्या पलीकडे एकच लाल क्रोटन. जिन्याच्या मागे सावलीत, जिथे टाकीचं पाणी ओघळायचं, तिथे फर्न, आणि वाफ्यांच्या कडेने जमिनीलगत पसरणारी बुटकी लाल पानांची किनार. चुन्याने एकेका झाडाची जागा आखली. मधल्या जागा मोकळ्या ठेवल्या. सरांनी सगळं फिरून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला आता मी काय शिकवणार?" त्या एका वाक्यावर मी महिनाभर जगले असते.

नेमकी लावणीच्या वेळी मला कावीळ झाली. डोळे पिवळे, उठून उभं राहिलं की भोवळ. झाडं माझ्याच कुंड्यांतून साइटवर गेली. तिथे कुंडीतून काढून जमिनीत लावायची आणि रिकाम्या कुंड्या परत करायच्या असं ठरलं होतं. सर मला बघायला घरी आले, मोसंब्या घेऊन.

"तुम्ही पडून राहा. लावणीला मी स्वतः उभा राहतो."

मी डोळे मिटून घेतले आणि निश्चिंत झोपले.

उठून साइटवर गेले तेव्हा लावणी होऊन गेली होती. बाग दिसायला सुंदर होती, पण मधल्या जागा मोकळ्या नव्हत्या. माझ्या आखणीत नसलेली झाडं दाटीने लावली होती, तीही माझ्याच नर्सरीतून मागवून. मी सरांना विचारलं, तर म्हणाले, शेठला भरगच्च हवं होतं, पुढे विरळ करू. लोक येत होते, थांबत होते, फोटो काढत होते. तळमजल्यावर घर बुक केलेल्या एक वहिनी रोज संध्याकाळी नवऱ्याला घेऊन यायच्या आणि आपल्या खिडकीखालच्या क्रोटनची पानं फडक्याने पुसून जायच्या. अजून घराचा ताबासुद्धा मिळाला नव्हता.

माझ्या रिकाम्या कुंड्या मात्र परत येईनात.

"शेठ, कुंड्या?"

"गोडाऊनला आहेत."

"कुठल्या गोडाऊनला?"

"देतो हो ताई. कुंड्यांना काय पाय फुटलेत?"

असं बरेच दिवस चाललं. दुसऱ्या कोणी सोडून दिलं असतं. पण तुळशीचं लग्न झालं, हंगाम सुरू झाला, आणि मला कुंड्या हव्या होत्या. माझी वस्तू दुसऱ्याकडे पडून राहिली की मला झोप लागत नाही. एका दुपारी मी सरळ त्याच्या गोडाऊनला गेले. आत सिमेंटच्या गोणी होत्या, सळ्या होत्या. कुंडी एकही नव्हती.

परत येताना बागेत थांबले. माळ्याने सकाळीच पाणी घातलं होतं आणि दुपारीच क्रोटन मान टाकून उभे होते. दोन फूट चांगल्या मातीत लावलेलं झाड असं करत नाही. मी खाली बसले आणि बुंध्यापाशी बोटं घातली. वरची थोडी माती बाजूला झाली आणि बोटांना कडक काहीतरी लागलं. उकरलं तर मातीचा काठ आणि त्यावर पांढरा पट्टा. शेजारचं झाड उकरलं, तिथेही तेच. पाम, क्रोटन, अरेलिया, प्रत्येक मोठं झाड कुंडीसकट पुरलं होतं. वरून माती ओढून, कडेची लाल किनार सारखी करून.

मी साइटच्या ऑफिसात गेले तेव्हा माझा आवाज रस्त्यापर्यंत जात होता. शेठ शांत होता.

"ताई, फ्लॅट विकले की या झाडांना पाणी कोण घालणार? सोसायटीवाले? महिन्यात मरतील. मी तुमची झाडं वाचवतोय."

"दोन फूट माती कशाला भरलीत मग?"

"तुम्ही मागितलीत म्हणून. आणि मला काय विचारता? तुमच्या सरांना विचारा. त्यांच्या समोर लावलीत एकेक."

मी तिथेच बसले. मग उठून पुन्हा सौदा केला, कारण मला दुसरं काही येत नाही. येत्या पावसाळ्यात सगळ्या कुंड्या फोडायच्या आणि झाडं मोकळी करून लावायची. शेठने भिंतीवरच्या गणपतीच्या फोटोला हात लावून हो म्हटलं. सरांना मी फोन केला. ते म्हणाले, "मी बोलतो शेठशी. तुम्ही चिडू नका." मी वाट पाहिली. झाडं तगावीत म्हणून सकाळ-संध्याकाळ मीच जाऊन पाणी घालत राहिले. हंगामातला माझा सगळा जीव तिथे गेला. लोकांनी मला रोज तिथे पाहिलं, हेही पुढे माझ्यावरच आलं.

मे महिन्यात त्या तळमजल्यावरच्या वहिनी माझ्या नर्सरीत आल्या. नुकत्याच राहायला आल्या होत्या. हातात पिशवी, चेहरा लाल.

"आमची बाग कुठे नेलीत?"

मला कळलंच नाही. "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? माहेराहून आले तर खिडकीखाली खड्डे. शेजाऱ्यांनी टेम्पो भरताना बघितला."

"मी नाही नेली."

"कुंड्या तुमच्या होत्या. पांढरा पट्टा होता सगळ्यांना. माझ्या नणंदेच्या लग्नात तुमच्याच तर होत्या, मला काय माहीत नाही?"

"कुंड्या माझ्या, पण त्या शेठने..."

"शेठ म्हणाले, नर्सरीवाल्या बाईंच्या भाड्याच्या होत्या, मुदत संपली, बाईंनी नेल्या. घर घेताना आम्हाला भाड्याची बाग दाखवायला लाज नाही वाटली?"

मी त्यांच्याबरोबर गेले. भिंतीलगत ओळीने गोल खड्डे होते. आत माझी लाल माती, मऊ, ओलसर, मुळं न शिरलेली. जिन्यामागचे फर्न आणि कडेची किनार तेवढी राहिली होती, कारण ती कुंडीत नव्हती. गेटपाशी लोक जमले. मी सांगायला लागले आणि माझा आवाज चढला. बाईने आवाज चढवला की तिचं खरं असलं तरी लोक ते धरत नाहीत. मागून कोणीतरी म्हणालं, "लग्नातून कुंड्या उचलते तशाच उचलल्या, त्यात काय." लोक हसले. माझा धंदाच कुंड्या नेऊन परत आणण्याचा, त्यामुळे ते सगळ्यांना सहज पटलं. त्या कॉलनीतल्या घरांनी आपल्या लग्नांना माझ्या कुंड्या लावणं बंद केलं. पुढे कार्यालयवालेही म्हणायला लागले, बाई, तुमचं नाव काढलं की यजमान कुरकुरतात.

झाडं टिटवाळ्याला गेली आहेत हे टेम्पोवाल्याकडून कळलं. शेठची नवी साइट होती तिथे. एका रविवारी मी गेले. गेटमधून आत पाऊल टाकलं आणि माझी बाग समोर उभी होती, चुकीची मांडलेली. दाटीसाठी घातलेली सावलीची झाडं उन्हात, क्रोटन पाण्याच्या टाकीच्या सावलीत, रंग उतरलेले. माझे क्रोटन मी फांदीच्या छाटावरून ओळखते.

बागेत सर उभे होते. त्यांच्याभोवती वह्या घेतलेली माणसं होती, नवा क्लास. मागे शेठच्या नव्या इमारतीत तळमजल्यावरच्या हॉलच्या दारावर त्यांच्या वर्गाची पाटी होती. शाळेच्या व्हरांड्यातून त्यांना उठवणारं आता कोणी नव्हतं. सर क्रोटनकडे हात करून सांगत होते, "पिवळ्याच्या शेजारी हिरवं. म्हणजे डोळा थांबतो."

मी म्हटलं, "सर, ही झाडं कोणाची?"

सगळे वळले. सरांनी चष्मा काढला. "या, या. या आपल्या जुन्या विद्यार्थिनी. डोंबिवलीत यांची फार चांगली नर्सरी आहे."

"सर, कुंड्यांसकट पुरायला तुम्ही सांगितलंत?"

"बाई, आपण नंतर बोलू."

"आत्ताच बोला. तुम्ही उभे होता ना तिथे?"

ते मला बाजूला घेऊन गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तात्पुरती लावणी हीसुद्धा एक पद्धत आहे. मोठमोठ्या बागांत हंगामाची झाडं कुंडीसकट पुरतात. त्यात चूक काहीच नाही."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही आजारी होता." मग वर्गाकडे बघत, "आणि तुम्ही भांडला असतात."

"डोंबिवलीत लोक मला चोर म्हणतात, सर. तुम्ही फक्त येऊन खरं काय ते सांगा. मला झाडं नकोत."

"बघतो," ते म्हणाले. "हा क्लास संपू दे." आणि वर्गाकडे परत गेले. मी गेटबाहेर एका दगडावर बसून राहिले. क्लास संपला, माणसं गेली, हॉलचं दार आतून बंद झालं. मी उठले आणि घरी आले.

ते आले नाहीत. त्या वर्षी नाही, पुढेही नाही. मी दोनदा नौपाड्यात त्यांच्या घरी गेले. एकदा त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं झोपलेत, एकदा सांगितलं बाहेरगावी गेलेत. नंतर आगरी म्हाताऱ्याच्या मुलांनी ती पट्टी विकली आणि नर्सरी बंद झाली. शेठवर माझा राग आहे, पण शेठकडून मला उत्तर नको. तो धंदा करत होता, मीही धंदा करते, त्याचं खोटं मला समजतं. त्या सोसायटीत आता झाडांच्या जागी स्कूटर उभ्या असतात. त्या वहिनी मला बाजारात दिसतात आणि तोंड फिरवतात. त्यांच्या जागी मी असते तर मीही फिरवलं असतं.

सर अजून ठाण्यात आहेत. फार थकलेत, पण बोलतात, ओळखतात असं कळतं. जुने विद्यार्थी त्यांना शाली घालायला जातात. मलाही निरोप आला होता. मी गेले नाही.

सर, तुमचं वय झालं म्हणून मी हे सोडून देणार नाही. माझंही झालंय. तुम्ही त्या सोसायटीच्या गेटवर या. रिक्षाने या, कोणाचा हात धरून या, पण या. त्या वहिनींना खाली बोलवा आणि सांगा, की झाडं या बाईने नेली नाहीत, ही बाई अंथरुणावर पडली होती, आणि प्रत्येक कुंडी मातीत जाताना तिथे मी उभा होतो. त्यानंतर मला सांगा, तुम्ही माझ्या घरी मोसंब्या घेऊन आलात तेव्हा तुमचं आणि शेठचं ठरलं होतं की नव्हतं. हो की नाही, एवढंच सांगा. नंतर बोलू म्हणालात. बोला.